बोयऱ्याची हवाई लढाई ब्लेंडरमध्ये: विमानं खेळण्यातली का वाटतात?

कच्चालिंबू
मंडळी, मदत हवी आहे. आमच्या मंडळाचा यंदाचा देखावा बोयऱ्याच्या हवाई लढाईवर आहे. २२ नोव्हेंबर १९७१. युद्ध अजून जाहीर व्हायचं होतं. पाकिस्तानी सेबर विमानं हद्दीत आली आणि कोलकात्याच्या दमदमहून उडालेल्या आपल्या चार नॅट लढाऊ विमानांनी त्यांना गाठलं. त्यांचे दोन वैमानिक पॅराशूटनं उतरले आणि पकडले गेले. आपल्या वैमानिकांपैकी एकाचं नाव फ्लाइट लेफ्टनंट गणपती. बैठकीत हे नाव निघालं आणि विषय तिथंच मंजूर झाला, पुढची सगळी चर्चा वर्गणीवर.

स्टेजवर एलईडी वॉल आणि त्यावर तीन मिनिटांची फिल्म, असं ठरलंय. ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलं तयार आहेत. अडलंय ते मुख्य शॉटवर: सेबर डावीकडे वळतं, मागून नॅट आत वळून फैरी झाडतं, सेबर पेटतं. दहा सेकंद. धूर आहे, गोळ्या आहेत, मोठा स्फोट आहे, तरी जो बघतो तो म्हणतो ‘खेळण्यातली विमानं वाटतात रे’. धुराचं रेझोल्यूशन वाढवलं, लॅपटॉप तव्यासारखा तापला, खेळणं ते खेळणंच. धनोरीत राहतो, सुखोई रोज डोक्यावरून जातात. तसं काहीच स्क्रीनवर येत नाहीये.

क्लिपची लिंक खाली. आवाज बंद करून बघा, तात्पुरता टाकलाय.

पेठकरी
पहिला प्रश्न: मागे सिंहगड काय करतोय?

कच्चालिंबू
ड्रोनचं फुटेज हाताशी होतं म्हणून बॅकग्राउंडला लावलं. बदलणार आहे.

पेठकरी
बदल बाबा. बंगालात डोंगर उगवला तर मंडळाचे अध्यक्षही ओळखतील.

नोडगुंता
धुराला हात लावण्याआधी दोन आकडे सांग. विमानाचा वेग किती आणि वळणाची त्रिज्या किती? ब्लेंडरच्या मापात, मीटरमध्ये.

कच्चालिंबू
नॅट खऱ्या मापाचं आहे, साधारण ९ मीटर लांब. वेग ताशी ८०० किमी धरलाय. वळणासाठी वर्तुळाकार कर्व्ह ठेवलाय, त्रिज्या ५० मीटर. त्यापेक्षा मोठा केला की विमान फ्रेमबाहेर जातं.

नोडगुंता
मग धुराचा काही दोष नाही. ताशी ८०० म्हणजे सेकंदाला २२२ मीटर. एवढ्या वेगानं ५० मीटरच्या वर्तुळात फिरायचं तर वैमानिकावर १०० जी येतील, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या शंभरपट भार. जी-सूट (पाय-पोट आवळणारा वैमानिकाचा पोशाख) घालूनही माणूस ९ जीच्या पुढे फार टिकत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते. बघणाऱ्याला हे गणित येत नसतं, पण इतक्या चटकन वळणारी वस्तू लहान आणि हलकी असते हे डोळ्याला पाठ असतं. म्हणून खेळणं.

५ जी धर. त्याच वेगाला त्रिज्या साधारण १ किलोमीटर येते, विमान ७८-७९ अंशांनी कललेलं असतं, आणि पूर्ण फेरीला २९ सेकंद लागतात. तुझ्या दहा सेकंदांच्या शॉटमध्ये जेमतेम एक तृतीयांश वर्तुळ होईल. लढाईत वेग उतरतो, त्रिज्या कमी होते, पण शेकडो मीटरच्या खाली काही जात नाही.

आणि ‘फ्रेमबाहेर जातं’ हा कॅमेऱ्याचा प्रश्न आहे, विमानाचा नाही. कॅमेरा तिसऱ्या विमानात बसव, मोठी लेन्स लाव, ऑपरेटरला थोडं मागे पडू दे. विमान एकदा फ्रेमच्या कडेला जाऊन परत सापडलं तर बिघडत नाही, उलट बरं. कॅमेऱ्याचं क्लिप एंड (किती लांबपर्यंतचं दिसेल ती मर्यादा) वाढवायला विसरू नकोस, नाहीतर लांबचं सेबर अचानक गायब होईल.

घारवेडी
नोडगुंता यांना +१. त्यात माझी भर: कर्व्हला विमान चिकटवलं की ते रुळावरच्या गाडीसारखं वळतं, नाक आधी आणि पंख नंतर. खरं विमान आधी कलतं आणि मग वळतं. कलल्यावर पंखांचं बळ आडवं लागतं आणि ते विमानाला आत ओढतं. त्यामुळे रोलच्या, म्हणजे कलण्याच्या, की-फ्रेम (हालचालीच्या ठरवलेल्या खुणा) वळणाच्या आठ-दहा फ्रेम आधी हव्यात, आणि वळण संपवतानाही आधी उलटा रोल हवा. मधल्या त्या क्षणात विमान कललेलं असतं पण मार्ग अजून सरळ असतो. वजन तिथं दिसतं.

हे बघायला सिम्युलेटर लागत नाही. वेताळ टेकडीवर दुपारी बस, घारी गरम हवेत चकरा मारत असतात. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरची ग्लायडर्स उडत असतील तर त्याहून छान, कारण तिथं पंख ताठ असतात आणि रोल स्वच्छ दिसतो. वेग सोडून द्या, क्रम बघा.

अजून एक, मागच्या विमानाला पुढच्याची नक्कल करू देऊ नकोस. आत्ता दोघांची की-फ्रेम सारखीच आहे, फक्त उशिरा. नॅटच्या वैमानिकाला सेबर वळलेलं दिसणार, मग तो स्टिक हलवणार. थोडा उशीर, थोडं जास्त वळणं, मग सावरणं. पाठलाग तेव्हा पाठलाग वाटतो.

एअरफ्रेम काका
अरे लिंबू, विषय छान घेतलायस. मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो, आता विश्रांतवाडीला असतो. ॲनिमेशन मला कळत नाही, पण क्लिप पाहिली. काही गोष्टी सांगतो.

नॅटला ३० मिलिमीटरच्या दोन एडन तोफा. त्या पंखात नसतात, हवा आत घेणाऱ्या दोन तोंडांच्या बाजूला असतात. तू ज्वाळा पंखातून काढली आहेस. प्रत्येक तोफेला ११५ गोळे. मिनिटाला १२०० च्या आसपास सुटतात, म्हणजे बोट दाबून ठेवलं तर पावणेसहा सेकंदांत तोफा रिकाम्या. तुझं नॅट दहा सेकंद सलग झाडतंय. प्रत्यक्षात अर्धा-एक सेकंदाची फैर, नेम पुन्हा धरायचा, मग दुसरी.

दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात नॅट उभं आहे. कोणी जाणारं असेल तर जवळून फोटो मागव. आणि लोहगावच्या कुंपणापाशी कॅमेरा घेऊन ‘रेफरन्स’ काढायला जाऊ नकोस, उगाच चौकशी मागे लागेल. एनडीएच्या दीक्षान्त संचलनात विमानं सलामी देतात, त्याचं चित्रण टीव्हीवर आलेलं असतं. ते वापर.

कच्चालिंबू
काका, दंडवत. तोफांच्या जागा आजच बदलतो. फैरीही तोडतो.

नोडगुंता
काकांच्या आकड्यांवरून पुढचं होतं. दोन तोफा मिळून सेकंदाला ४० गोळे, २४ फ्रेमनं चालणाऱ्या फिल्ममध्ये प्रत्येक फ्रेमला एकाहून जास्त. नळीच्या तोंडची ज्वाळा मात्र एका फ्रेमहूनही कमी टिकते. ती सलग पेटती ठेवलीस की गॅसची शेगडी दिसते. एखादी फ्रेम पेटती, एखादी रिकामी, प्रत्येक वेळी आकार वेगळा. रँडम सीड फिरवत ठेव. रिकामी फ्रेम असली तरच पेटलेली फ्रेम डोळ्याला लागते.

आता ट्रेसर, म्हणजे मागे चमकती रेघ सोडणारे गोळे. तुझ्याकडे पिवळे दांडे निवांत तरंगत चाललेत. एडनचा गोळा सेकंदाला साधारण ७९० मीटरनं सुटतो. २४ नं भागलं की फ्रेमला ३३ मीटर. कॅमेरा नॅटबरोबर उडत असेल तर हा आकडा. जमिनीवर असेल तर विमानाचा वेगही त्यात मिळतो आणि फ्रेमला ४२ मीटर होतात. मोशन ब्लरचं शटर ०.५ वर असेल तर पडदा अर्धा वेळच उघडा असतो. म्हणजे १६ मीटरची रेघ, मग साधारण तेवढीच रिकामी जागा, मग पुन्हा रेघ. हे काम ब्लरवर सोडू नकोस. बारीक चमकत्या वस्तूचा लांब ब्लर सायकल्समध्ये (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) नुसता किचकिचाट देतो. १६ मीटरची निमुळती जाळी बनव, एमिशन शेडर (स्वतः चमकणारं मटेरियल) लाव आणि तीच पुढे सरकव. प्रत्येक गोळ्याला ट्रेसर नको, दर चार-पाच गोळ्यांत एक पुरे.

पार्टिकल वापरणार असशील तर ‘ऑब्जेक्ट व्हेलॉसिटी’ १ ठेव, नाहीतर गोळे विमानाचा वेग विसरतात. आणि पार्टिकल विमानाला पॅरेंट करू नकोस, म्हणजे जोडू नकोस. गोळा सुटला की त्याचा विमानाशी संबंध संपला. बागेला पाणी घालताना पाइप झटकन फिरवला की धार वाकडी दिसते, थेंब मात्र आपापल्या सरळ वाटेनं गेलेला असतो. वळणाऱ्या विमानातून सुटलेली फैर तशीच वाकडी दिसते. हा एवढा एक बाक आला की शॉट निम्मा सुधारेल, पैजेवर सांगतो.

तर्कटराव
गोळे गुरुत्वाकर्षणानं खालीही येतात, हे राहिलं.

नोडगुंता
३०० मीटरवर सेकंदाला हजार मीटरच्या वेगानं पोचायला ०.३ सेकंद. तेवढ्यात गोळा अर्धा मीटरही पडत नाही. त्यापेक्षा महत्त्वाचं, आडवं जाणारं सेबर तेवढ्या वेळात ६६ मीटर पुढे सरकतं. म्हणून नॅटचं नाक सेबरवर नको, त्याच्या पुढे रोखलेलं हवं. आत्ता ते थेट शेपटाकडे बघतंय.

पेठकरी
हे सगळं ठीक. पण स्फोटाचं बोला. क्लिपमधला तो नारंगी गोळा मला आवडला, तो काढू नका. रस्त्यावर ढोल वाजतोय, बाजूला वडापावची गाडी, पोरं खांद्यावर. अशा ठिकाणी पब्लिक स्फोटावरच थांबतं. आमच्याकडे गर्दी खेचायचं काम असतं, पीएचडी नाही.

तर्कटराव
असहमत. विमानाला गोळा लागला की पेट्रोल पंप उडाल्यासारखा आगीचा डोंब होतो ही पडद्यावरची समजूत आहे. ज्यांच्या शौर्याचा देखावा करायचा, त्यांची लढाई तरी खरी दाखवा. तिघांना वीरचक्र मिळालंय यासाठी.

पेठकरी
साहेब, देखावा बघायला या. पाचव्या मिनिटाला तुम्हीच म्हणाल, स्फोट कुठाय.

एअरफ्रेम काका
भांडू नका. ३० मिलिमीटरचा गोळा आत बारूद घेऊन जातो, तो लागल्यावर फुटतो. दिसतं काय? पांढरा क्षणिक लखलखाट, राखाडी धुराचा छोटा पुंजका, पत्र्याचे तुकडे. टाकी फुटली असेल तर मागे पांढरा फवारा सुटतो. लोक त्याला धूर समजतात, ते इंधन असतं. मग कधी तो फवारा पेट घेतो, कधी नाही. पेटलेलं विमानही काही वेळ उडतच राहतं. वैमानिकाला बाहेर पडायला तो वेळ मिळतो.

घारवेडी
काकांनी तुम्हा दोघांचं भांडण मिटवलं की! सेबरचे वैमानिक पॅराशूटनं उतरले हे लिंबूनं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. मग शॉटचा कळस स्फोट कशाला? लखलखाट, पांढरा फवारा, आग, कॅनोपी उडते, आणि निळ्या आभाळात छत्री उघडते. शिट्टी छत्रीवर पडेल, पेठकरी. नारंगी गोळा हवाच असेल तर विमान जमिनीवर आदळतं तिथं घ्या, लांबवर. तिथं इंधन आहे, तो शोभतो.

छत्री क्लॉथ सिम्युलेशननं फुगवत बसू नकोस, फार त्रास देते. तीन शेप-की (साठवून ठेवलेले आकार) पुरतात: गुंडाळलेली, लांबट आणि उघडलेली. वरून थोडा नॉइज.

पेठकरी
छत्री पटली. जमिनीवरचा गोळा मोठा पाहिजे मात्र.

नोडगुंता
मोठा करायचा तर हळू कर. आगीचा गोळा आकारानं चौपट झाला तर त्याच्या उकळ्या वर चढायला दुप्पट वेळ लागतो. लिंबूच्या क्लिपमधला गोळा फटाक्याच्या घाईनं फुटून विरतो, म्हणून तो कितीही स्केल केला तरी फटाकाच दिसतो. डोमेनमध्ये (ज्या चौकटीत आग-धुराचं सिम्युलेशन चालतं ती) टाइम स्केल उतरव, नॉइजचे बारकावे वाढव.

धुराच्या शेपटीबद्दल जरा सविस्तर लिहितो, सगळे इथंच अडकतात.

फ्रेमला सव्वानऊ मीटर पळणाऱ्या वस्तूमागे मॅन्टाफ्लो (ब्लेंडरचं आग-धुराचं सिम्युलेशन) लावलं की प्रत्येक फ्रेमच्या जागी एक ठिपका आणि मध्ये काहीच नाही, असं होतं. फ्लो ऑब्जेक्टचे (धूर सोडणाऱ्या वस्तूचे) सॅम्पलिंग सबस्टेप वाढवले की ठिपके जुळतात. पण खरी अडचण पुढची आहे. २ किलोमीटर लांब शेपटीला अर्ध्या मीटरचा व्हॉक्सेल (धुराचा एक घन ठोकळा) धरला तरी एका बाजूला ४००० व्हॉक्सेल लागतात. तुझ्या लॅपटॉपला ते झेपायचं नाही, आमच्या स्टुडिओतही कोणी असं करत नाही.

म्हणून दोन तुकडे कर. विमानाजवळची आग: विमान जागेवर उभं ठेव आणि विंड फोर्सनं समोरून वारा सोड. डोमेन ४०-५० मीटरचा पुरे. बेक झाला, म्हणजे सिम्युलेशन मोजून साठवलं गेलं, की तो डोमेन उडत्या विमानाला पॅरेंट कर. वारा पूर्ण २२२ नको, बराच कमी ठेव, नाहीतर सिम्युलेशन फाटतं. आग वर जात नाही हे लक्षात ठेव, ती पत्र्याला चिकटून मागे ताणली जाते. मेणबत्तीसारखी वर गेली की विमान थांबलेलं वाटतं.

मागची लांब शेपटी: विमान ज्या मार्गानं गेलं त्याच मार्गाची कर्व्ह, जॉमेट्री नोड्समध्ये तिच्यावर पॉइंट, पॉइंट्स टू व्हॉल्यूम, आणि वयानुसार जाड होणारा नॉइज. धूर जिथं सोडला तिथंच हवेत राहतो. आत्ता तुझी शेपटी विमानाबरोबर वळते, ते लगेच बंद कर. नीट जमलं तर ती शेपटी सगळ्या पाठलागाचा नकाशा होते. कोण कुठून आला, कुठं वळला, मागे वळून बघितलं की कळतं.

कच्चालिंबू
विंड फोर्सची युक्ती कमाल आहे. एक शंका: पंखांच्या टोकाला पांढऱ्या रेघा आणि वर लांब कॉन्ट्रेल (विमानामागचा पांढरा पट्टा) टाकू का? छान दिसतात.

एअरफ्रेम काका
लांब कॉन्ट्रेल नको. तो इंजिनातली वाफ गोठून होतो, त्याला ८ किलोमीटरच्या वरची कडक थंडी लागते. ही लढाई खाली झाली. जोरात वळताना पंखावर येणारी वाफ वेगळी. तिथं दाब उतरतो, हवा गार होते, दमट हवेत पांढरं दिसतं. पावसाळ्यात सुखोईवर आपण बघतो ती. नोव्हेंबरात एखाद्या कडक वळणाला क्षणभर दाखव, कायम नको.

नोडगुंता
आणि ढग टाक. तुझं आभाळ कोरं निळं आहे, म्हणून सगळा वेग वाया जातोय. कोऱ्या आभाळात दोन्ही विमानं आणि कॅमेरा एकाच वेगानं उडत असले की सगळं स्थिर दिसतं. हॉवर्ड ह्यूजनं १९३० च्या ‘हेल्स एंजल्स’साठी खरी विमानं उडवली होती, आणि त्यालाही ढग येईपर्यंत सगळा ताफा घेऊन थांबून राहावं लागलं होतं. तुला थांबायला लागत नाही. ओपनव्हीडीबी हे ढग-धूर साठवायचं तंत्र ड्रीमवर्क्सनं २०१२ मध्ये सगळ्यांना खुलं केलं, तयार ढगांच्या फाइल फुकट मिळतात. दोन-तीन ढग लांब, एक लहानसा जवळून सर्रकन जाणारा. धूर, ट्रेसर, ढग, तुकडे, या सगळ्यांचं पहिलं काम मोजपट्टीचं. शोभा नंतर.

तर्कटराव
उजेडही चुकतोय. लढाई दुपारी तीनच्या सुमारास झाली. तिथं नोव्हेंबरच्या अखेरीस त्या वेळी सूर्य क्षितिजापासून वीसेक अंशच वर असतो, नैऋत्येला. क्लिपमध्ये तो डोक्यावर आहे. आडव्या उन्हात विमानाचं पोट आणि धुराची एक बाजू उजळेल, खालच्या शेतांवर धुरकटपणा हवा.

घारवेडी
तर्कटराव, हे मात्र मस्त सांगितलंत. आडवं ऊन धुराला फार चांगलं पडतं. लांबच्या विमानावरही धुरकट निळसर थर चढव, लिंबू. किलोमीटरभर लांबचं सेबर जवळच्या नॅटइतकंच काळं कसं दिसेल?

पेठकरी
आता कामाचं. वॉलवाल्याशी बोललो. साडेतीन बाय दोन मीटर मिळतेय, पी ३.९ म्हणाला, म्हणजे दोन पिक्सेलमध्ये ३.९ मिलिमीटर अंतर. लिंबू म्हणतोय फोर-के रेंडर करणार. गणपती बसायच्या आत होईल का विसर्जनाला?

नोडगुंता
फोर-के कशाला! पी ३.९ च्या अर्ध्या मीटरच्या पॅनलला १२८ पिक्सेल असतात. तुमची वॉल सात बाय चार पॅनल, म्हणजे ८९६ बाय ५१२. तेवढ्यावरच दिसणार आहे. १७९२ बाय १०२४ नं काढ आणि अर्धं कर, झकास.

मात्र त्याचे तोटेही बघ. ५० मिमी लेन्सनं अर्ध्या किलोमीटरवरचं नॅट त्या वॉलवर २२ पिक्सेलचं होतं. २०० मिमी लावलीस तर ९०. म्हणून मोठी लेन्स म्हणतोय. ट्रेसर खऱ्या जाडीचा ठेवला तर पिक्सेलच्या पावभर, तो लुकलुकेल किंवा दिसणारच नाही. किमान दीड-दोन पिक्सेल जाड कर. तर्कटराव माफ करतील. आभाळाच्या निळ्या उतरंडीवर वॉलला पट्टे दिसतात, थोडा ग्रेन टाक. तीन मिनिटांचे शॉट शीपइटवर (लोकांच्या संगणकांवर मिळून रेंडर करणारी सेवा) टाकता येतील, फुकट आहे, पण मोठ्या व्हॉल्यूम कॅशच्या फाइल तिथं चढवणं अवघड जाईल. धुराचे शॉट घरी, बाकीचे तिथं.

तर्कटराव
जाडी माफ. आवाजाचं काय? स्फोट एक किलोमीटरवर झाला तर आवाज तीन सेकंदांनी यायला हवा, म्हणजे ७० हून जास्त फ्रेम.

पेठकरी
तीन सेकंद शांतता ठेवली तर लोक म्हणतील स्पीकर बंद पडला.

घारवेडी
तो शॉट कॉकपिटमधून घ्या. आत इंजिनचा घोंगाट आणि रेडिओवरचे शब्द, बाहेरचा स्फोट मूक. कोणालाच चुकीचं वाटणार नाही.

कच्चालिंबू
घेतो. आजचं काम असं ठरवलंय: १ किलोमीटरचं वळण, रोल आधी, नाक सेबरच्या पुढे, फैरी तोडून, ढग तीन, सूर्य खाली, सिंहगड रजा. धुराच्या शेपटीला वेळ लागेल. रात्री बेक लावून झोपायचा विचार आहे, आमच्याकडे वीज मध्येच जाते ही एकच धास्ती. नवी क्लिप याच धाग्यावर टाकतो.

नोडगुंता
थेट व्हिडिओत रेंडर करू नकोस. एकेक फ्रेम ईएक्सआर किंवा पीएनजीत काढ आणि ‘ओव्हरराइट’ची खूण काढून टाक. वीज गेली तर राहिलेल्या फ्रेमपासून पुढे सुरू होईल. बेकसाठी डोमेनमध्ये ‘रिझ्युमेबल’ चालू कर आणि कॅश दुसऱ्या ड्राइव्हवर ठेव, सी ड्राइव्ह सकाळपर्यंत भरलेला असेल.